वयोमानानुसार आहार : गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत

अंगणवाडीत दर महिन्याला बालकांची वजने घेतली जातात. वजनाचा आकडा नोंदवहीत उतरतो, वृद्धिपत्रकावर एक ठिपका पडतो आणि तो ठिपका खालच्या पट्ट्यात गेला की बालकाच्या आहाराची चौकशी सुरू होते. ही चौकशी आवश्यकच असते. परंतु बहुतेक वेळा ती बालकाच्या ताटापाशी थांबते. दोन वर्षांच्या बालकाचे वजन कमी का भरले, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या आजच्या ताटात सापडत नाही. ते त्याच्या उष्टावणानंतरच्या महिन्यांत, त्याच्या आईच्या गरोदरपणात आणि त्याही मागे, ती आई पंधरा वर्षांची असताना तिच्या वाट्याला आलेल्या अन्नात शोधावे लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली, तर ३६.१ टक्के बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी असल्याचे आढळून आले. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या ६८.९ टक्के बालकांत आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय दिसून आला. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे बालकांचे कुपोषण आणि स्त्रियांचे कुपोषण हे दोन स्वतंत्र प्रश्न नसून एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हे ध्यानात येते. आयुष्याच्या एका टप्प्यावर राहून गेलेली उणीव पुढच्या टप्प्याला भरून काढावी लागते आणि काही उणिवा तर नंतर पूर्णपणे भरून निघतच नाहीत. यास्तव आहाराची काळजी गरज उघड दिसू लागल्यावर नव्हे, तर तिच्या एक पाऊल आधी घेतली गेली पाहिजे. शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्या कामाच्या दृष्टीने या एका गोष्टीचे महत्त्व फार मोठे आहे.

गरज सर्वांची सारखी नसते

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये भारतीयांच्या पोषणविषयक गरजांचे सुधारित प्रमाण प्रसिद्ध केले. त्यानुसार मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या, ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दररोज सुमारे २,७१० उष्मांक लागतात. तशाच श्रमाच्या, ५५ किलो वजनाच्या स्त्रीला २,१३० उष्मांक पुरतात. प्रथिनांची गरज पुरुषाला ५४ ग्रॅम आणि स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम एवढी धरली आहे. येथवर स्त्रीची गरज पुरुषापेक्षा कमी दिसते. परंतु लोहाच्या बाबतीत चित्र उलटे होते. पुरुषाला दररोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम. मासिक पाळीतून होणारा रक्ताचा व्यय हे त्याचे कारण होय.

या आकड्यांचा अर्थ असा की, स्त्री पुरुषापेक्षा थोडे अन्न खाते, परंतु त्या थोड्या अन्नातून तिला दीडपट लोह मिळाले पाहिजे. म्हणजे तिचा प्रत्येक घास अधिक सकस हवा. प्रत्यक्षात अनेक घरांतील रीत याच्या विरुद्ध आहे. आधी पुरुषमंडळी, मग मुले आणि शेवटी घरातील स्त्रिया, असा पंगतीचा क्रम असतो. शेवटी बसणारीच्या वाट्याला भाकरी येते. पण डाळीचा गाळ, भाजीतील पाला, उसळीतील कडधान्य तोपर्यंत संपलेले असते. तिचे पोट भरते, पोषण होत नाही. सुनेचा क्रम तर बहुधा सर्वांत शेवटचा आणि घरात गरोदर असते तीही बहुधा सूनच.

महाराष्ट्राच्या पारंपरिक जेवणात चांगल्या आहाराची सर्व सामग्री आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, तांदूळ या तृणधान्यांत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो. तो डाळी व कडधान्यांत भरपूर असतो. डाळीत जो घटक उणा, तो तृणधान्यात पुरेसा असतो. त्यामुळे भाकरीबरोबर पिठले किंवा आमटी, भाताबरोबर वरण, बाजरीबरोबर मटकीची उसळ ही जोड केवळ चवीची नसून शास्त्रशुद्ध आहे. त्यात पालेभाजी, शेंगदाणे, तीळ, दूध किंवा ताक आणि जेथे चालते तेथे अंडी व मासळी यांची भर पडली की आहार चौरस होतो. अडचण पदार्थांच्या अभावाइतकीच त्यांच्या वाटणीतही असते, हे विसरता कामा नये.

गरोदरपण : दोन जिवांचा आहार

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. या गावांतील स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांच्या नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांचे सरासरी वजन ३.५ किलो होते. आश्चर्याची गोष्ट अशी की, भारतीय बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान असूनही त्यांच्या कातडीखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून कृश, पण आतून मेदप्रवण, अशी ही शरीराची ठेवण पुढील आयुष्यात मधुमेह व हृदयविकार यांना पोषक ठरू शकते. बालकाच्या भावी आरोग्याचा पाया आईच्या उदरातच कसा घातला जातो, याचे हे बोलके उदाहरण होय.

याच अभ्यासात आणखी एक उपयुक्त गोष्ट दिसून आली. ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बालके आकाराने मोठी भरली. केवळ उष्मांक किती मिळाले, याच्याशी बालकाच्या आकारमानाचा तेवढा निकटचा संबंध आढळला नाही. म्हणजे गरोदर स्त्रीला नुसता जास्त भात किंवा जास्त भाकरी वाढून भागत नाही. भाकरीबरोबरच्या पदार्थांना तितकेच महत्त्व आहे. या मातांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. शाकाहारी कुटुंबात ते दूध, दही व ताक यांतूनच मिळू शकते. यास्तव घरात येणाऱ्या दुधाचा पहिला पेला कोणाला द्यावा, हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही.

गरोदरपणात नेहमीपेक्षा दररोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. एक भाकरी, एक कप दूध व एक केळे यांतून ही भर ढोबळ मानाने निघते. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनांची गरज २२ ग्रॅमने वाढते. म्हणून या काळात डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांचे प्रमाण वाढविणे अगत्याचे असते. एका वेळी पोटभर जेवण जात नसेल, तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. जास्त खाल्ल्यास मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते, ही समजूत अजूनही काही ठिकाणी ऐकू येते. तिच्यापायी कमी वजनाची बालके जन्मास येतात. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बालकाला आजारपणाचा व मृत्यूचा धोका अधिक असतो.

चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाची असते. गोळीने मळमळ होते, शौचाचा रंग काळा पडतो, म्हणून अनेक स्त्रिया ती मध्येच सोडतात. हे परिणाम घाबरण्यासारखे नाहीत, एवढे आशा कार्यकर्तीने आधीच सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो. गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नये. दोहोंमुळे लोहाचे शोषण कमी होते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे ते वाढते.

आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस, गरम जेवण मिळावे, यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या अखेरीस डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. या योजनेतील एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. शिधा घरी नेला की तो सर्व कुटुंबात वाटला जातो; अंगणवाडीत बसून घेतलेले जेवण मात्र त्या मातेच्याच मुखी पडते. पंगतीच्या क्रमावर काढलेला हा एक व्यवहारी तोडगा होय.

पहिले सहा महिने : केवळ आईचे दूध

जन्मानंतर एका तासाच्या आत बालकाला अंगावर पाजावे. पहिल्या दोन-तीन दिवसांतील घट्टसर, पिवळसर दूध, म्हणजे चीक, रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असतो. तो पिळून टाकणे म्हणजे बालकाचे पहिले संरक्षण काढून घेणे होय. सहा महिने पूर्ण होईपर्यंत मध, गुटी, साखरपाणी, वरचे दूध यांपैकी काहीही देऊ नये. उन्हाळ्यातही वेगळे पाणी पाजण्याची आवश्यकता नसते. कारण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. दूषित पाण्यातून व बाटलीतून होणारे जुलाब हे या वयातील वजनघटीचे एक प्रमुख कारण आहे.

या सहा महिन्यांत बालकाच्या आहाराची काळजी घेणे म्हणजे मातेच्या आहाराची काळजी घेणे होय. अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. दोन भाकरी, एक वाटी घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे एवढी ही भर आहे. बाळंतिणीला डिंकाचे व अळिवाचे लाडू, मेथी, बाजरीची भाकरी देण्याची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे. परंतु त्याच वेळी पथ्याच्या नावाखाली डाळी, भाज्या व फळे बंद करणे किंवा पाणी तोडणे हे अपायकारक आहे. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचे साहाय्य देणारी प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ पासून अंमलात आहे. मजुरी करणाऱ्या मातेला विश्रांती व पुरेसा आहार मिळावा, हा तिचा हेतू आहे. तो पैसा मातेच्या ताटापर्यंत पोहोचतो किंवा नाही, हे कुटुंबाच्या समजुतीवर अवलंबून असते.

उष्टावणानंतरचे दीड वर्ष

बालकांच्या वाढीची रेषा सर्वांत जास्त घसरते ती सहा महिने ते दोन वर्षे या काळात. याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातून मिळणारे उष्मांक व लोह अपुरे पडू लागतात. सहा ते आठ महिन्यांच्या बालकाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बालकाला ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या बालकाला ५५० उष्मांक मिळाले पाहिजेत. परंतु बालकाचे जठर लहान असते. आठ किलो वजनाच्या बालकाच्या पोटात एका वेळी साधारण पाव लिटरपेक्षा कमी अन्न मावते. ते अन्न वरणाचे पाणी किंवा पातळ पेज असेल तर पोट भरते. पण उष्मांक मिळत नाहीत. बालक शांत झोपते आणि आईला वाटते की त्याचे पोट भरले आहे.

म्हणून उष्टावणानंतरच्या आहाराचे पहिले सूत्र असे की, अन्न चमच्यावरून सहज ओघळणार नाही इतके घट्ट असावे. वरणाच्या पाण्याऐवजी घोटलेले वरण व मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी किंवा भाकरी, उकडून कुस्करलेला बटाटा वा रताळे, केळे, अंडे असे पदार्थ द्यावेत. दुसरे सूत्र असे की, प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा तूप घालावे. एका लहान चमच्यातून सुमारे ४५ उष्मांक मिळतात आणि अन्नाचे आकारमान वाढत नाही. तिसरे सूत्र वेळांचे. सहा ते आठ महिन्यांच्या बालकाला दिवसातून दोन-तीन वेळा, तर त्यापुढे तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ द्यावा. या सर्व काळात, दोन वर्षांपर्यंत व शक्य असल्यास त्यानंतरही, अंगावर पाजणे चालू ठेवावे.

नाचणीचे सत्त्व करण्याची आपल्याकडील जुनी रीत या दृष्टीने मोलाची आहे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात, मग ती वाळवून मंद भाजून दळतात. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचे पाचक द्रव्य तयार होते. ते पिष्टमय पदार्थाचे विघटन करते. त्यामुळे अशा पिठाची खीर शिजताना घट्ट गोळा होत नाही आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. साध्या पिठाच्या घट्ट लापशीत हे मोडाचे पीठ चमचाभर मिसळून पुन्हा एक उकळी आणली, तरी लापशी सैल होते व बालकाला गिळता येते. पाणी घालून पातळ करणे आणि मोडाच्या पिठाने सैल करणे यांतील फरक मातांना प्रत्यक्ष करून दाखविला पाहिजे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा आणखी एक लाभ.

आजारपणात बालकाचे अन्न तोडू नये. जुलाब होत असताना क्षारसंजीवनी आणि वैद्यकीय सल्ल्याने १४ दिवस जस्ताची गोळी द्यावी, तसेच खाणे व अंगावर पाजणे चालू ठेवावे. बरे झाल्यावर काही दिवस एक जेवण अधिक द्यावे, म्हणजे गमावलेले वजन भरून येते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण होय. अशा बालकाला घरगुती उपायांवर न ठेवता तत्काळ आरोग्य केंद्रात नेले पाहिजे.

शाळकरी वय

या वयात वाढ संथ पण सतत चालू असते. बालक आता घरातील सर्वांबरोबर जेवते, म्हणून त्याच्या आहाराकडे वेगळे लक्ष दिले जात नाही. सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत आलेल्या मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. देशात शालेय पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ मधील आदेशाने शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. २०२१ मध्ये तिला पीएम पोषण असे नाव देण्यात आले. प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्याला या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्याला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरविलेले आहे.

हे जेवण घरच्या जेवणाला पूरक आहे, पर्याय नव्हे, ही गोष्ट पालकांच्या मनावर बिंबविणे हे शिक्षकांचे काम आहे. शाळेत जेवला म्हणून घरी त्याचा वाटा कमी झाला, तर योजनेचा उद्देशच फसतो. पाकिटबंद तळलेले पदार्थ व गोड पेये यांचा शिरकाव आता खेड्यांतही झाला आहे. त्यांतून मीठ, साखर व तेल मिळते. प्रथिने, लोह व जीवनसत्त्वे फारशी मिळत नाहीत. त्याच पैशांत शेंगदाणा-गुळाचा लाडू, भाजलेले फुटाणे किंवा हंगामातील बोरे-पेरू येऊ शकतात.

किशोरावस्था : साखळी जोडण्याची जागा

दहा ते एकोणीस या वयात मुलामुलींची उंची झपाट्याने वाढते आणि प्रौढपणीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग याच वर्षांत भरतो. हाडांची साठवणही मुख्यतः या काळात होते. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम, तर त्याच वयाच्या मुलाला २२ मिलिग्रॅम लोह लागते. वाढ आणि मासिक पाळी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्याने मुलीच्या शरीरावर दुहेरी भार पडतो. नेमके याच वेळी घरकाम वाढते, शाळा दूर जाते आणि पंगतीत तिची जागा मुलांकडून स्त्रियांकडे सरकते.

मुंबईतील झोपडवस्त्यांत ‘सरस’ या नावाने झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. एका गटाला गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाज्या, फळे व दूध यांपासून तयार केलेला खाऊ रोज देण्यात आला. सर्व मातांचा एकत्रित विचार करता बालकांच्या वजनात ठळक वाढ दिसली नाही. मात्र ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा खाऊ घेण्यास प्रारंभ केला होता, त्यांच्या बालकांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. आणि हा लाभही ज्या माता मुळात फार कृश नव्हत्या त्यांनाच विशेषकरून झाला. ही वाढ लहान आहे, पण तिच्यातून मिळणारा बोध मोठा आहे. गरोदरपणाची नोंद झाल्यावर आहाराची काळजी सुरू करणे हे उशिराचे काम होय. वर्षानुवर्षांची कृशता काही महिन्यांच्या खाऊने दूर होत नाही. मातेचे वजन तिच्या किशोरवयात घडत असते.

म्हणूनच शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची गोळी आणि फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांतील जंतनाशक गोळी यांना शाळेच्या वेळापत्रकात अभ्यासाच्या तासाइतकेच स्थान हवे. गोळी उपाशीपोटी देऊ नये. शालेय भोजनानंतर द्यावी. शाळा सोडलेल्या मुलींची नावे अंगणवाडीच्या यादीत आली आहेत ना, हे पाहावे. विवाहाचे वय हा देखील पोषणाचाच प्रश्न आहे. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाच्या आत झालेला होता. जिची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नाही, अशा मुलीच्या पोटी बालक आले, तर एकाच अन्नात दोन वाढत्या जिवांची वाटणी होते.

प्रौढत्व आणि वार्धक्य

प्रौढ वयात वाढ थांबते आणि आहाराचा मेळ श्रमाशी घालावा लागतो. शेतात राबणाऱ्याचे ताट बैठे काम करणाऱ्याने तसेच चालू ठेवले, तर पोटाचा घेर वाढू लागतो. कमी वजनाने जन्मलेल्या व पुढे सुबत्तेत वजन वाढलेल्या माणसाला तर मधुमेहाचा धोका अधिकच असतो. मीठ दिवसाकाठी एकूण पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, अधिक नसावे. त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही मोजावे. पाळी बंद झाल्यावर स्त्रियांची हाडे वेगाने झिजू लागतात. त्यांची कॅल्शियमची गरज रोज १,००० मिलिग्रॅमवरून १,२०० मिलिग्रॅमपर्यंत वाढते. दूध, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला आणि कोवळे ऊन यांचा त्यांना उपयोग होतो. परंतु किशोरवयात हाडांची साठवण झालेली नसेल, तर या वयात ती नव्याने करता येत नाही. साखळीचा हा दुसरा सांधा होय.

वार्धक्यात श्रम कमी होतात, म्हणून उष्मांकांची गरज घटते. प्रथिनांची गरज मात्र घटत नाही. प्रत्यक्षात दात गेल्यामुळे भाकरी व उसळ सुटते आणि वृद्ध माणूस चहात बुडविलेल्या पावावर किंवा पातळ भातावर दिवस काढतो. स्नायू झिजतात, तोल जातो, पडून हाड मोडते. अशा व्यक्तींना मुगाचे घट्ट वरण, ताकातील कण्या, मऊ खिचडी, दही, उकडलेले अंडे, शिजवून घोटलेली पालेभाजी असे मऊ पण सकस पदार्थ द्यावेत. तहानेची जाणीव मंदावत असल्याने पाणी आठवणीने द्यावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा प्रश्न तर स्वयंपाकाचा आळस व मनाची उभारी यांच्याशीही निगडित असतो. त्यांच्या घरी दिवसातून एकदा चूल पेटते किंवा नाही, याची विचारपूस शेजाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी केली पाहिजे.

गावपातळीवरील कर्तव्ये

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि आज अंगणवाडी गावोगाव पोहोचली आहे. राज्याने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची स्थापना केली. योजनांचा अभाव आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो योग्य व्यक्तीपर्यंत योग्य वेळी पोहोचण्याचा.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. ती वर्षअखेरीस घाईने साहित्य खरेदीवर खर्च करण्याऐवजी अंगणवाडीला शुद्ध पाणी, अचूक वजनकाटा, परसबागेला कुंपण अशा गोष्टींवर आरंभीच नियोजनपूर्वक खर्च केली, तर तिचे चीज होते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत एकच प्रश्न दरमहा विचारला जावा : गावात आज गरोदर किती, सहा महिने ते दोन वर्षांची बालके किती आणि त्यांपैकी गेल्या महिन्यात किती जणांचे वजन वाढले नाही?

ऊसतोडणीसाठी व अन्य कामांसाठी दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांकडे विशेष लक्ष हवे. सहा महिने बाहेर राहिलेल्या बालकाच्या बाबतीत हा काळ नेमका उष्टावणानंतरचा असू शकतो. निघण्यापूर्वी त्या मातेजवळ नोंदीचे कार्ड द्यावे आणि मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीत लाभ मागता येतो, हे तिला सांगून ठेवावे. ज्या गावाच्या शिवारात अशा टोळ्या उतरतात, तेथील पंचायतीने त्यांच्या बालकांना आपल्याच गावची बालके मानावे.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे खरी नोंद. कमी वजनाची बालके अधिक दिसली की कामात कसूर ठरेल, या भीतीने वजन वाढवून लिहिले गेले, तर त्या बालकाच्या वाट्याचा उपचार त्या एका आकड्यानेच हिरावला जातो. जी सेविका कुपोषित बालक शोधून दाखविते, तिचे काम चांगले चालले आहे, असे मानण्याची दृष्टी पर्यवेक्षणात आली पाहिजे.

घराघरांतील बदल मात्र आदेशाने होणार नाही. तो सासूशी, सासऱ्यांशी व पतीशी बोलूनच घडेल. त्यासाठी मोठा खर्चही नको. घरातील भांडे तेच, शिधा तोच. फक्त गरोदर सुनेचे, अंगावर पाजणाऱ्या मातेचे, वयात येणाऱ्या मुलीचे ताट आधी वाढले जावे आणि बालकाची वाटी घट्ट अन्नाने भरावी. आज पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटात पडलेली उसळ काही वर्षांनी अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसणार आहे. तो काटा योग्य आकडा दाखवील किंवा नाही, हे त्या दिवशी ठरत नाही. ते गावातील प्रत्येक घरी आज रात्रीच्या पंगतीत ठरत आहे.